ऊसतोड महिलांचा आरोग्य-अभ्यास: ‘नाही’ म्हणायची सोय कशी ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यातल्या ३०० ऊसतोड महिलांचा अभ्यास करायचा आहे: मुलाखत, बोटाला टोचून हिमोग्लोबिन, रक्तदाब, आणि पिशवीचं (गर्भाशय काढण्याचं) ऑपरेशन झालंय का, का झालं, कुठे झालं याची माहिती. पुढच्या टप्प्यात निम्म्या टोळ्यांना प्रशिक्षण घेतलेली आरोग्यसखी आणि औषधपेटी द्यायची, निम्म्यांना नाही, आणि फरक बघायचा. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीने ‘असुरक्षित गट, संमतीची प्रक्रिया स्पष्ट करा’ असा शेरा मारून प्रस्ताव परत पाठवलाय. अभ्यास वंचितांच्याच भल्याचा आहे, संमतीपत्र मराठीत जोडलंय, मग अजून काय लिहायचं?

तुमच्या हेतूवर कमिटीने शंका घेतलेली नाही. तिला एवढंच कळलेलं नाही, की ही बाई तुम्हाला ‘नाही’ कधी, कुठे बसून आणि कोणाच्या देखत म्हणणार आहे. प्रस्तावात तुम्ही टोळीची यादी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून घेणार आणि मुलाखती कारखान्याजवळच्या तळावर, कोपीवर (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) करणार असं लिहिलंय. तिथेच गाडी रुतते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या जोडीने दसरा-दिवाळीच्या आधी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत दोघं मुकादमाचे देणेकरी असतात. एक दिवस खाडा झाला तर तो हिशेबात धरला जातो. मुकादम ‘या मॅडमशी बोला जरा’ म्हणाला की ती विनंती राहत नाही. अशा वेळी घेतलेल्या सहीला कागदावर किंमत असेल, पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिला स्वेच्छेची संमती म्हणता येणार नाही. गावच्या, टोळीच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाची परवानगी ही माणसाच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हे तिथे साफ सांगितलेलं आहे.

म्हणून आधी जागा आणि वेळ बदला. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलपासून टोळ्या परततात. मे ते ऑगस्ट बाई तिच्या गावात असते. जुनी उचल फिटलेली असेल तर नवी अजून हातात पडलेली नसते. वर्षातला तिचा सर्वांत मोकळा काळ हाच. नावनोंदणी याच महिन्यांत करा आणि केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार असं ज्या तालुक्यांतून लोक जातात तिथे, गावात करा. सप्टेंबर उजाडला की मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. त्यानंतर नवीन नाव नको. वेळापत्रक शेवटाकडून उलटं मोजा: जूनमध्ये पहिली मुलाखत हवी असेल तर कमिटीकडे अर्ज जानेवारीत गेला पाहिजे. असुरक्षित गट असल्यामुळे पूर्ण बैठकीत छाननी होणार, एखादी दुरुस्तीची फेरी होणार, दोन-तीन महिने सहज जातात. ज्या कमिटीकडे जाताय ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का तेही आधी बघा. २०१९ च्या नियमांनी ते बंधनकारक केलंय. बैठकीत किमान पाच सदस्य लागतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. घाईघाईत तिघांनी सही करून दिलेली मान्यता पुढे तुमच्याच गळ्यात येते.

यादी कुठून आणायची? मुकादमाकडून नको, आणि एकट्या आशाताईंकडूनही नको. आशाताई भल्या असतात, पण गावातल्या बाईचं बाळंतपणापासून लसीकरणापर्यंत सगळं त्यांच्यावर अवलंबून असतं. त्यांनी ‘चल गं’ म्हटलं तर नाही म्हणणं अवघडच. त्यांच्याकडून स्थलांतरित घरांचा अंदाज घ्या, ग्रामपंचायतीकडे ऊसतोड कामगारांची नोंद असेल तर रीतसर पत्र देऊन ती बघा, आणि मग वस्तीवर जाऊन स्वतः घरं मोजा. मोजायला सुरुवात गावाच्या कडेच्या वस्तीपासून करा. टीम पहिल्या दिवशी कुठल्या आळीत उतरली आणि कोणाच्या घरी चहा प्यायली हे गाव पाहत असतं. पारध्यांची पालं आणि तांड्यापासून लांब पडलेली घरं यादीत येतच नाहीत. एकटी बाई, विधवा, अर्धा कोयता म्हणून जाणारी, हीही सुटतात. समतेचा अभ्यास म्हणायचं आणि सर्वांत तळाची माणसं ‘सापडली नाहीत’ म्हणून वगळायची, ही चूक आकडेवारीची आहेच, न्यायाचीही आहे. वाचता न येणाऱ्यांना वगळण्याची अट तुमच्या प्रस्तावात आहे, ती आजच काढून टाका.

आता माहितीपत्रक. तुमच्यातलं पहिलं वाक्य: ‘सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकता.’ मराठी आहे, पण ही भाषा तहसीलच्या नोटिशीची आहे. हेच असं सांगता येईल: ‘तुमची इच्छा असेल तरच बोला. बोलता बोलता मधेच उठलात तरी चालेल, कोणी काही विचारणार नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर ‘पुढचा विचारा’ एवढंच म्हणा. नाही म्हणालात तरी तुमच्या रेशनला, सरकारी दवाखान्यातल्या औषधाला काही फरक पडणार नाही.’ इथे बरेच जण उत्साहाने ‘तुमच्या उचलीलाही फरक पडणार नाही’ असं जोडतात. ते लिहू नका. उचल देणं मुकादमाच्या हातात आहे, त्याच्या वतीने तुम्ही शब्द देऊ शकत नाही. तुमच्या हातात आहे तेवढंच सांगा: ‘तुम्ही काय बोललात ते आमच्याकडून मुकादमाला कळणार नाही.’

गर्भाशय नको, पिशवी म्हणा. श्वेतप्रदर नको, अंगावरून पांढरं जाणं म्हणा. रक्त किती काढणार हे मिलीलिटरमध्ये सांगून कळत नाही. बोटाला टोचून दोन-तीन थेंब, असं सांगा. पुढे शिरेतून ५ मिलि घेणार असाल तर चहाचा एक लहान चमचा. बंजारा तांड्यावर वयस्क बायका गोरबोलीत बोलतात. तिथे मराठी कागद वाचून दाखवणं पुरेसं नाही. गोरबोलीतलं सांगणं रेकॉर्ड करून घ्या, ते दुसऱ्या जाणकाराकडून उलट मराठीत करून घ्या, दोन्ही ताडून पाहा आणि रेकॉर्डिंगही कमिटीपुढे ठेवा. कमिटीने जे ऐकलेलं नाही ते फील्डवर वापरता येत नाही.

सांगून झालं की ‘समजलं का?’ विचारू नका. मराठवाड्यात पाहुण्याला ‘नाही समजलं’ कोणी म्हणत नाही. तीन प्रश्न विचारा: आम्ही कशासाठी आलोय? तुम्ही नको म्हणालात तर काय होईल? तुम्ही सांगितलेलं कोणाकोणाला कळेल? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘योजनेत नाव घालायला’ किंवा ‘इलाज करायला’ असं येतं. तिथे थांबा आणि पुन्हा सांगा. दुसऱ्या खेपेलाही ‘योजना’च आली तर त्या बाईचं नाव त्या दिवशी घेऊ नका. किती जणींना दोनदा सांगावं लागलं याची रोज नोंद ठेवा. हा आकडा चढला तर दोष तुमच्या पत्रकात आहे, बायकांमध्ये नाही.

अंगठ्याबद्दल जरा सविस्तर. नियम सर्वांना ठाऊक असतो: लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत निःपक्ष साक्षीदाराची सही. पण या गावांत कागदावरचा अंगठा म्हणजे कर्ज. काय लिहिलंय ते न वाचता उचलीच्या कागदावर अंगठा उठवलेली माणसं इथे घरोघरी आहेत. तुम्ही शाईचा पॅड काढला की बाई हात मागे घेते, आणि त्याला ‘सहकार्य नाही’ म्हणायचं? आधी विचारा, सही करता येते का. बचत गटामुळे अनेकींना नावापुरती सही येते आणि ती करायला त्यांना आवडते. नको असेल तर तोंडी संमतीची सोय ठेवा. बाईने तोंडी होकार दिला, साक्षीदाराने तो ऐकला आणि तशी सही केली, अशी पद्धत कमिटी मान्य करू शकते. मात्र ती प्रस्तावात कारणासह आधी मागायला हवी, फील्डवर मनाने सुरू करायची नाही. माहितीपत्रकाची प्रत देतानाही तिला विचारा. पिशवीच्या ऑपरेशनचा उल्लेख असलेला कागद पत्र्याच्या डब्यात सासूच्या हाती लागू शकतो. म्हणून अभ्यासाचं नाव ‘ऊसतोड कुटुंबांचं आरोग्य’ इतकं साधं ठेवा, आत काय विचारणार ते तोंडी पूर्ण सांगा.

साक्षीदार म्हणून मुकादम, नवरा, सरपंच किंवा तुमच्या टीममधलं कोणी चालणार नाही. निवृत्त शिक्षिका, बचत गटाची हिशेब लिहिणारी बाई चालेल, शक्यतो शेजारच्या आळीतली. तिने माहिती सांगताना ऐकायचं, सही करायची आणि उठून जायचं. मुलाखतीला ती थांबली तर तुम्ही संमती पक्की करता करता गुप्तता घालवली.

नवऱ्याची सही मागू नका. सज्ञान बाईची संमती तिचीच. पण नवऱ्याला अंधारात ठेवून दाराशी दोन तास बसलात तर मागून त्रास तिला होतो, तेव्हा घरातल्यांना वरवरची कल्पना द्या: तब्येतीची विचारपूस आणि रक्त तपासणी. मुलाखतीची जागा हा मोठा प्रश्न आहे. घर एका खोलीचं असतं. अंगणवाडी मुलं गेल्यावर, झेडपीची शाळा रविवारी, या जागा बऱ्या. देऊळ नको. पाळी चालू असलेली बाई तिथे येणार नाही आणि सगळ्या जातींच्या बायका सारख्याच मोकळेपणाने येतील असंही नाही. वेळ दुपारची, पाणी भरून आणि भाकरी झाल्यावर. कोणी मधेच येऊन बसलं तर प्रश्न बदलण्यासाठी पाणी, रेशन, मुलांची शाळा अशा प्रश्नांचा एक कागद वर ठेवा. मुलाखत घेणारीला हा बदल न अडखळता करता आला पाहिजे. प्रशिक्षणात अर्धा दिवस यालाच द्या.

वयाची अट १८ पूर्ण अशी ठेवा आणि मुलाखतीआधी आधारवरची जन्मतारीख फक्त बघा. नंबर उतरवू नका, फोटो तर मुळीच काढू नका. कारण सरळ आहे. सोळा-सतरा वर्षांची लग्न झालेली मुलगी समोर बसली आणि तुम्ही तिला गर्भारपणाचे प्रश्न विचारले, तर पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याने पोलिसांना कळवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘कोणाला सांगणार नाही’ असं आधी सांगून बसलेला माणूस तिथे दोन्हीकडून अडकतो. अभ्यासाला खरंच कमी वयाच्या मुली लागत असतील तर तो वेगळा प्रस्ताव होतो: पालकांची संमती, मुलीची स्वतःची अनुमती, आणि कोणती गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही हे पहिल्या प्रश्नाच्या आधी.

पैशाचं. तुम्ही ‘मानधन नाही, प्रलोभन ठरू नये म्हणून’ असं लिहिलंय. अर्धा दिवस बुडवून बाईने तुम्हाला माहिती द्यायची आणि बुडालेली मजुरी तिनेच सोसायची, याला नीतिमत्ता म्हणत नाहीत. बुडालेल्या मजुरीची आणि एसटीच्या तिकिटाची भरपाई देणं योग्यच आहे. फक्त मुलाखत मधेच सोडलेलीलाही तितकीच रक्कम मिळाली पाहिजे. दर ठरवताना गावातला बाईचा रोज धरू नका, तो पुरुषापेक्षा कमी असतो. विषमता मोजायला निघालेल्या अभ्यासाने तीच विषमता आपल्या पावतीपुस्तकात चालवू नये. पुरुषाचा रोज धरा किंवा रोजगार हमीचा चालू दर. आणि रोख द्या, तिच्या हातात. यूपीआय सोपं वाटतं, पण फोन बहुधा नवऱ्याचा असतो.

आता तपासणीत निघणाऱ्या गोष्टी. आकडा काढला की तो त्याच वेळी सांगायचा, ‘अहवालात येईल’ म्हणायचं नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली म्हणजे तीव्र. गरोदर असेल तर या रेषा ११ आणि ७. तीव्र निघालं, किंवा रक्तदाब थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा मोजूनही वरचा १८० किंवा खालचा ११० च्या वर राहिला, तर त्याच दिवशी पुढे पाठवायचं. चिठ्ठी, गाडीभाडं आणि कोणत्या दवाखान्यात कोणाला भेटायचं, तिन्ही तयार हवं. सात दिवसांनी ती पोचली का ते बघायचं. तुमच्या अंदाजपत्रकात याला एक रुपयाही ठेवलेला नाही.

इथे बीडचा एक खास धोका आहे. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाईला नुसतं ‘डॉक्टरला दाखवा’ सांगितलं तर ती जवळच्या खासगी दवाखान्यात जाईल, आणि तिथून पिशवी काढायचा सल्ला घेऊन येईल. २०१९ साली हा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या काळात जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. तुमच्या अभ्यासाने या संख्येत भर घालता कामा नये. म्हणून ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय यांतल्या स्त्रीरोग विभागाशी आधी बोलून त्यांचा ओपीडीचा वार चिठ्ठीवरच छापा. ‘ऑपरेशन सांगितलं तर आधी या ठिकाणी दुसरा सल्ला घ्या’ ही ओळही छापा.

दुसऱ्या टप्प्यातल्या तुलना गटाचा मुद्दा कमिटीने शेऱ्यात लिहिलेला नाही, पण विचारणार नक्की. मराठवाड्याला हा वाद नवा नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होतं. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिला. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्याला नेहमीची सेवा, म्हणजे व्यवहारात तपासणी नाहीच. २००९ साली निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. साधारण सारख्या आकाराच्या दोन गटांत एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, तुलना गटात ६४. विज्ञान म्हणून तो अभ्यास जगभर वापरला गेला, आणि तपासणी न मिळालेल्या बायकांचं काय, हा प्रश्नही तितक्याच जोरात विचारला गेला. ‘नेहमीची सेवा म्हणजे काहीच नाही’ अशा ठिकाणी तुलना गट ठेवताना प्रश्न उत्तरापेक्षा जड होतो.

तुमच्या बाबतीत वाट सोपी आहे. रक्त कमी असलेल्यांना लोहगोळ्या द्याव्यात का, हा संशोधनाचा प्रश्नच नाही. त्या दोन्ही गटांना द्या, औषधपेटीही द्या. शंका आहे ती आरोग्यसखीने फरक पडतो का याची. तेवढ्यावरच तुलना करा, आणि तुलना गटाला पुढच्या हंगामात सखी मिळेल असं लेखी ठरवा, पैशासकट. चिठ्ठ्या टाकून टोळ्या निवडणार असाल तर मुकादम ‘आमची टोळी आहे’ म्हणाला म्हणून टोळी आली असं धरू नका. प्रत्येक बाईला वेगळं विचारा, आणि हंगामात पाठपुरावा करताना पुन्हा विचारा. जूनमधली ‘हो’ जानेवारीत कोपीवर चालतेच असं नाही. उपक्रम देऊन परिणाम मोजणारा टप्पा असल्यामुळे पहिल्या नोंदणीआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंद लागेल.

माहितीची राखण म्हणजे फक्त कुलूप नव्हे. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये जीपीएस आपोआप पडतं, ते बंद करा. नाव-पत्त्याची वही आणि उत्तरांची फाइल वेगवेगळ्या जागी, जोडणारा क्रमांक तिसऱ्या माणसाकडे. टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप हे गळतीचं खरं ठिकाण: ‘आजचं काम’ म्हणून टाकलेल्या फोटोत बाईचा चेहरा, मागे शाळेच्या भिंतीवर गावाचं नाव. फोटो पूर्ण बंद. अहवालात गावाचं नाव नको. ‘धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावरची, तीन मुलींची आई, २६ व्या वर्षी ऑपरेशन’ एवढ्यावर तिला सगळा तांडा ओळखतो. वय गटात द्या, तालुक्यापर्यंतच थांबा, आणि तक्त्यात पाचपेक्षा कमी बायका असलेला रकाना दुसऱ्यात मिसळा. २०१९ च्या बातम्यांनी गावंच्या गावं एका शिक्क्याखाली आणली होती. एकीचंही नाव न छापता अख्ख्या वस्तीचं नुकसान करता येतं.

निष्कर्ष सांगायला परत जाण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, नाहीतर तो कधीच होत नाही. वर्तमानपत्राआधी बायकांना, तेही पुढच्या उन्हाळ्यात त्या गावी असताना.

शेवटचं, माहितीपत्रकावरचा फोन नंबर. तुम्ही स्वतःचा दिलाय. तुमच्याविरुद्धची तक्रार तुमच्याकडेच कोण करेल? तिथे कमिटीच्या सदस्य सचिवांचा नंबर हवा, मिस्ड कॉल दिला तरी उलट फोन येईल असा, आणि उचलणाऱ्याला मराठी नीट बोलता येईल असा. छापण्याआधी एका दुपारी स्वतः लावून बघा, कोण उचलतं ते.